हार्लनदाजींच्या जड गोळ्या

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान हार्लन रुस्ताद आयुष्यात एकदाच अस्वलासमोर आले, आणि तेव्हा ते ट्रकमध्ये काचा वर करून बसले होते. अस्वल रस्ता ओलांडून आपल्या वाटेनं गेलं. दाजींनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. पण हीच गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकलीत तर तिच्यात ट्रक नसतो, काचा तर नसतातच, आणि अस्वलाच्या तोंडाचा वास असतो. दर वर्षी ते अस्वल दोन पावलं जवळ येतं. दाजी अजून दहा वर्षं जगले तर ते त्यांच्या मांडीवर बसेल.

माणूस वाईट नाही, असं म्हणायची आमच्या खोऱ्यात रीत आहे. मी म्हणत नाही.

मोंटानाच्या ह्या कोपऱ्यात पूर्वी लाकडाची मोठी गिरणी होती. दाजी तिथं सरकत्या पट्ट्याच्या शेवटाला निळा खडू घेऊन उभे राहत. कापलेली फळी पुढून सरकत आली की तिच्यावर खूण करायची: ही चांगली, ही टाकाऊ. उभं आयुष्य ह्या माणसानं फळ्यांना नापास करण्याचा पगार खाल्ला. मग गिरणी बंद पडली. खडू गेला, सवय राहिली. पाद्रीबुवांचं प्रवचन नापास, शेजाऱ्याचा कुत्रा नापास, माझी हकलबेरीची पाई, म्हणजे रानफळं भरून भाजलेली गोड पोळी, तर दर उन्हाळ्यात नापास, आणि तरी तिसरा तुकडा मागून घेणार. फळी निदान बोलत नव्हती. आम्हाला उत्तर देता येतं, पण देणार कोण? अक्काकडं बघून सगळे पुढचा घास घ्यायचे.

अक्का म्हणजे माझी बहीण, अर्डिस. तिला एका कानानं कमी ऐकू येतं. दुसरा कान धड आहे, पण लग्नानंतर तिनं दोन्ही कानांना यंत्रं लावून घेतली, म्हणजे दोन्ही बंद करता येतात. नवऱ्यानं तोंड उघडलं की तिचा हात केसांकडं जातो. लोकांना वाटतं, बाई केस सावरते आहे.

गिरणी सुटल्यावर दाजींनी घरात काडतुसं भरायला घेतली. आमच्याकडं हे नवल नाही. निम्मी गावं आपापल्या गॅरेजात काडतुसं भरतात. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, तळाशी ठिणगीची नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. कुणी स्वेटर विणतो, कुणी हे करतो. पण दाजींनी गॅरेजातून अक्काची गाडी कायमची बाहेर काढली, ती आता जानेवारीच्या बर्फात उभी असते, आणि गाडीच्या जागी बाकडं टाकलं. टायरवाल्याकडून चाकाला लावायची जुनी शिशाची वजनं मागून आणायची, भांड्यात वितळवायची, वरची काजळी चमच्यानं काढायची, आणि साच्यात ओतायची. साचा कसला, तर बाजारात पिस्तुलासाठी मिळेल त्यातला सर्वांत जड गोळीचा. बोथट नाकाची, अंगठ्याच्या पेरासारखी ढब्बू गोळी. तिला लाल रंगाची पूड लावून ते अक्काच्या जुन्या छोट्या भट्टीत भाजून काढत. तेव्हापासून अक्का त्या भट्टीत पाव भाजत नाही.

ह्या माणसाचं सगळं तत्त्वज्ञान एका शब्दात मावतं: वजन. हलकी गोळी म्हणजे वाटाणा. हलकी बंदूक म्हणजे खेळणं. हलका माणूस म्हणजे शहरातला. चारचौघांत अक्काच्या पाठीवर थाप मारून सांगायचे, बायकोसुद्धा मी वजन बघूनच केली. अक्का केस सावरायची.

आता आमच्या खोऱ्यातला एक अलिखित नियम सांगते. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस झाडू नये. कुणाचा दात घासायचा ब्रश एक वेळ उसना घ्या, पण त्याच्या हातची काडतुसं आपल्या बंदुकीत घालू नका. कुणाचा हात कधी चुकला असेल, कुणाची बायको भरता भरता हाक मारून गेली असेल, कुणास ठाऊक. म्हणून कुणी प्रेमानं डबी दिली की प्रेमानं घ्यायची आणि फळीवर ठेवून द्यायची. नाताळचा फळांचा केक जसा कुणी खात नाही आणि कुणी टाकतही नाही, तशा हार्लनदाजींच्या डब्या घरोघर पडून होत्या. घर विकलं की नव्या मालकाला मिळायच्या. हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं, एका दाजींना सोडून.

आणि माझा नवरा क्लेट. क्लेटला नियम माहीत होता, पण त्याला खोटं बोलता येत नाही. माणसात एवढं एकच व्यंग असावं आणि ते नेमकं माझ्या वाट्याला यावं.

क्लेट खेचरांचा तांडा चालवतो. शरद आला की शिकाऱ्यांचे तंबू, शेगड्या, धान्य खेचरांवर लादून वरच्या डोंगरात नेतो आणि बर्फ पडायच्या आत त्यांना आणि त्यांनी मारलेल्या एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणांच्या, मांसाला खाली आणतो. वर ग्रिझली जातीची मोठी अस्वलं आहेत. मांसाचा वास लागला की ती येतात, आणि मांसाशेजारी झोपलेला असतो क्लेट. दिवसभर ओझी उचलणाऱ्याला कमरेला जड लोखंड सोसत नाही, म्हणून मी त्याला लग्नाच्या वाढदिवसाला काडतुसांसाठी पाच घरांची फिरकी असलेलं एक हलकं पिस्तूल घेऊन दिलं होतं. हातात घेतलं तर उघडलेल्या बीन्सच्या डब्याएवढं भरेल.

खेचरं उरलेलं वर्ष नदीकाठच्या कुरणात चरतात. ते कुरण माझ्या बापाचं. बापानं ते थोरलीला दिलं, आणि थोरलीबरोबर ते दाजींच्या तोंडात गेलं. ‘माझं कुरण’ म्हणताना ते छातीवर हात ठेवतात. करार नाही, कागद नाही. दाजींच्या मर्जीवर आमची खेचरं गवत खातात, आणि दुसरं गवत जवळपास नाही.

तर ऑगस्टमधला एक रविवार. अक्काकडं जेवण. भाजलेलं मांस, बटाटे. दाजींनी क्लेटच्या कमरेच्या पट्ट्यातलं एक काडतूस न विचारता उपसलं, बोटांत फिरवलं आणि बशीत टाकलं. टिंग असा आवाज झाला.

“साडूबुवा, हे घेऊन वर जातूस व्हय? आस्वल म्हणंल, आला मीठ टाकायला.”

क्लेट म्हणाला की आजवर चाललं आहे. दाजी म्हणाले, आजवर अस्वल आलं नाही म्हणून चाललं. मग उठून गॅरेजात गेले आणि लाल नाकाच्या काडतुसांची डबी आणून क्लेटच्या बशीशेजारी ठेवली. पुढं जे बोलले ते सगळ्यांच्या देखत.

“ह्या न्यायच्या. माझ्या कुरणावर जगणारा माणूस वाटाणं घेऊन डोंगरात गेला, आन् तिथं मेला, तर नाव माझं जातंय. शबुद दे.”

क्लेटनं बटाटा गिळला आणि म्हणाला, “बरं.”

क्लेटचं ‘बरं’ म्हणजे दगडावरची रेघ. तिथं मला पहिली धास्ती वाटली, पण ती अजून नुसती नियमाची होती. खरी धास्ती मंगळवारी वाटली.

शब्द दिला म्हणून क्लेट ती काडतुसं तपासायला वाळूच्या खाणीत गेला. मी बरोबर होते. पहिली गोळी झाडली, पिस्तूल उसळून त्याच्या टोपीपर्यंत आलं. दुसरी झाडली. तिसऱ्याला चाप हलेना. फिरकी जागच्या जागी अडकली होती. दोन्ही अंगठ्यांनी ढकलूनही फिरेना. बऱ्याच खटपटीनं ती सोडवून क्लेटनं उरलेली काडतुसं तळहातावर घेतली. लाल नाकं पुंगळ्यांतून बाहेर सरकली होती. एक तर इतकं, की फिरकीच्या पुढं येऊन चौकटीला टेकलं होतं.

कारण कळायला शाळा लागत नाही. ट्रकमध्ये गवताचे गठ्ठे न बांधता ट्रक झटक्यात पुढं काढला तर गठ्ठे जागच्या जागी राहतात आणि मागं रस्त्यावर पडतात. हलकं पिस्तूल असंच झटक्यात मागं येतं, आणि आतली जड गोळी म्हणते, तू जा मागं, मी इथंच आहे. तिला धरून ठेवायला पुंगळीचं तोंड गोळीभोवती घट्ट आवळावं लागतं. दाजींनी ते आवळलंच नव्हतं.

म्हणजे अस्वल अंगावर आलं तर क्लेटच्या हातात दोन गोळ्या, आणि त्यानंतर एक हलका हातोडा.

घरी येताना मी म्हणाले, जुनीच ने. तो म्हणाला, शब्द दिलाय. मी म्हणाले, पट्ट्यात लाल ठेव आणि पिस्तुलात जुनी घाल. तो म्हणाला, तेही खोटंच झालं की. शिवाय तांडा निघतो तेव्हा दाजी फाटकाशी उभे राहून एकेका खेचराचं जीन नापास करतात, पिस्तूल उघडून बघितल्याशिवाय राहणार नाहीत. अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा असतो त्याच्याजवळ, पण वारं उलटं असलं की तो फवारा आपल्याच डोळ्यांत जातो, हे वर राहणाऱ्या कुणालाही विचारा.

म्हणून मी स्वतः दाजींच्या गॅरेजात गेले. सरकलेली काडतुसं त्यांच्या बाकड्यावर ठेवली. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाले, क्लेटचं मनगट मऊ आहे. मी म्हणाले, तोंडं आवळा ना दाजी, सगळे आवळतात. तेव्हा त्यांनी एक लाल गोळी उचलली, तिच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“आवळलं की गोळीला वळ पडतूय, वर्ना. माझ्या गोळीला वळ पडल्याला मला खपत न्हाई.”

माझ्या नवऱ्याच्या अंगाला अस्वलाच्या नखांचे वळ पडले असते ते ह्या माणसाला खपले असते. शिशाला नको. त्यांच्या स्वतःच्या लांबलचक पोलादी पिस्तुलात ह्या गोळ्या कधी सरकल्या नव्हत्या, कारण ते पिस्तूल ऐरणीएवढं जड. ते उसळतच नाही, उसासा टाकतं. मी म्हणाले, मग क्लेटच्या पिस्तुलातून एकदा तुम्हीच झाडून बघा. म्हणाले, बायकांची खेळणी मी हातात धरत नाही.

गॅरेजातून बाहेर पडताना मला माझा मार्ग दिसला. ह्या जातीच्या माणसाला चार भिंतींत काही पटवून देता येत नाही. पण बघायला माणसं जमवा, मग तो विहिरीतसुद्धा उडी मारतो.

माणसं जमतात सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. आगीच्या बंबासाठी वर्गणी काढायला गावात पिनांची स्पर्धा असते. एका लांब टेबलावर बोलिंगच्या खेळातल्या, बाटलीच्या आकाराच्या लाकडी पिना उभ्या करतात आणि पिस्तुलानं त्या टेबलावरून मागं पाडायच्या. नुसती आडवी होऊन उपयोग नाही, खाली मातीत पडली पाहिजे. आणि इथं, खोटं कशाला बोलू, हार्लनदाजी राजा. हलकी गोळी पिनेला भोक पाडून निघून जाते, पिन टेबलावर लोळत राहते. दाजींची ढब्बू गोळी पिनेला धक्के मारून खाली घालवते, गिऱ्हाईकाला दुकानाबाहेर काढावं तशी. ह्या एका खेळातल्या मोठेपणावर त्यांनी अस्वलांचं शास्त्र उभं केलं होतं. लाकडी पिना धावून येत नाहीत, चावत नाहीत, आणि टेबलाला बांधल्यासारख्या उभ्या राहतात. असा शत्रू मिळाला तर मीसुद्धा शूर आहे.

त्या दिवशीही त्यांनी आपल्या ऐरणीएवढ्या पिस्तुलानं टेबल साफ केलं. टाळ्या झाल्या. दाजींनी टोपी मागं सारली आणि वजनावर प्रवचन सुरू केलं. मी विकायला ठेवलेल्या पाईंच्या टेबलाशी अक्काच्या शेजारी उभी होते. प्रवचन ऐन रंगात आल्यावर मी क्लेटचं पिस्तूल, रिकामं, म्यानासकट घेऊन पुढं गेले आणि साखरेत घोळवलेल्या आवाजात म्हणाले,

“दाजी, क्लेट गुरुवारी वर निघालाय. तुमच्याच गोळ्या नेतोय. त्याच्या पिस्तुलातनं त्या कशा चालवायच्या, एकदा दावा की त्याला. तुमच्यासारखं मनगट दुसऱ्या कुणाचं हाय?”

दाजींनी पिस्तुलाकडं असं बघितलं जसं मी मेलेला उंदीर पुढं केलाय. खेळणं, वगैरे पुटपुटले. पण माणसं बघत होती. मर्ल, जो शिट्टी गळ्यात घालून स्पर्धेचा कारभार बघतो, त्यानं बिचाऱ्यानं काही माहीत नसताना मला हात दिला.

“न्हाईतरी ज्यानं भरली त्यानंच आधी झाडावी, हार्लन. ही तर जुनी रीत हाय.”

मागून कुणीतरी म्हणालं, त्यांचं मनगट दुपारनंतर झोपतं. झालं. दाजींनी म्यान माझ्या हातातून ओढून घेतलं. क्लेट माझ्याकडं बघत होता. त्याला सगळं कळलं होतं. पण त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायचं नाही हा त्याचा दुसरा गुण, तो मात्र कधी कधी कामाला येतो. गोळीबाराच्या वेळी अक्का नेहमी कानातली यंत्रं काढून ठेवते. तिचा हात केसांपर्यंत गेला आणि तसाच खाली आला; यंत्रं कानातच राहिली.

पाच लाल काडतुसं. मर्लनं शिट्टी फुंकली.

पहिली गोळी पिनांच्या वरून मागच्या मातीच्या बांधात गेली. पिस्तुलानं उसळून दाजींच्या टोपीचं टोक वर केलं. दुसरी गोळी पिनेला लागली, पिन गेली. दाजींनी हसून लोकांकडं बघितलं. बघायला नको होतं. तिसऱ्यांदा चाप ओढला. ओढला म्हणजे, ओढायला गेले. चाप दगड झाला होता. त्यांनी दुसरं बोट लावलं. मान ताठली, शिरा फुगल्या, चेहरा गोळीच्या रंगाचा झाला. टेबलावर चार पिना मजेत उभ्या होत्या.

मर्लनं नळी बांधाकडं ठेवायला लावून पिस्तूल आपल्या हातात घेतलं, बाजूनं बघितलं आणि जवळच्यांना दाखवलं. फिरकीच्या पुढं लाल नाक आलेलं, वेडावून जीभ काढल्यासारखं.  मग मागच्या रांगेतला एक म्हातारा शांतपणे म्हणाला,

“आता आस्वलाला म्हणायचं, बाबा, जरा दम खा.”

आणि हशा उठला तो बांधावर आपटून परत आला.

दाजी म्हणाले, पिस्तूल रद्दी आहे. म्हणाले, आजकालचं पितळ नीट नसतं. म्हणाले, हवा दमट आहे. मी सगळं होऊ दिलं. माझं काम हसणं नव्हतं. माझं काम एका वाक्याचं होतं.

“मग क्लेटनं ह्या गोळ्या वर न्यायच्या का न्हाई, दाजी? शबुद तुमी घेतलाय. तुमीच सांगा.”

हशा थांबला. सगळे दाजींच्या तोंडाकडं बघू लागले. शेवटी ते जमिनीला म्हणाले, त्या खेळण्यात नको. मी म्हणाले, गोळीबारासाठी लोकांनी कानांवर झाकणं लावलीत, ऐकू गेलं नाही.

“नेऊ नको म्हणालो न्हवं का.”

क्लेट म्हणाला, “बरं.”

एवढ्यासाठी सगळा खटाटोप. पण माणूस उघडा पडला की आधी हातात काय आहे ते फेकून मारतो, आणि दाजींच्या हातात कुरण होतं. ट्रककडं जाता जाता ते क्लेटजवळ थांबले आणि म्हणाले, वरून आलास की खेचरं माझ्या कुरणात आणू नको. आवाज हळू होता. त्यांना वाटलं, हे कुणाला ऐकू जाणार नाही. उभा जन्म त्यांनी अक्काच्या कानांचा तसाच हिशेब धरला होता.

अक्कानं पाई कापायची सुरी फडक्याला पुसली.

“कुरण माझ्या बाचं हाय, हार्लन. खेचरं राहतील.”

दाजी काहीतरी बोलायला लागले. अक्कानं सुरी खाली ठेवली, दोन्ही हात केसांकडं नेले आणि केस सावरले.

क्लेट आपली जुनी काडतुसं घेऊन वर गेला आणि मिशीत बर्फ घेऊन खाली आला. अस्वल त्याला दोनदा दिसलं, लांबून, बेरी खाताना. एवढंच. सांगताना त्यानं ते एक पाऊलही जवळ आणलं नाही.

तुम्हाला वाटेल, दाजी खजील झाले असतील. फळीच्या पट्ट्याशी उभा राहिलेला माणूस स्वतःवर खडू ओढत नसतो. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला ते आमच्या घरी आले, टर्कीची तंगडी घेतली, आणि पुंगळीचं तोंड कसं आवळावं ह्यावर बोलू लागले. आता ते ह्यातले जाणकार आहेत. नवं अवजार आणलं आहे. खोऱ्यात कुणालाच आवळता येत नाही, असं त्यांचं मत आहे. आणि त्या सोमवारी? त्या सोमवारी त्यांनी तोंडं मुद्दाम सैल ठेवली होती, लोकांना धडा मिळावा म्हणून. चार माणसं हसली तर हसली, क्लेटचा जीव तर वाचला, असं म्हणून त्यांनी क्लेटच्या खांद्यावर थाप मारली. क्लेट बटाटे खात होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

मी खिडकीकडं बघत होते. त्यांनी दिलेली डबी मी परत केली नव्हती. पुंगळ्यांतून गोळ्या ओढून काढायला ताकदही लागली नाही, आधीच सैल होत्या. दारू बागेत पसरली, आणि लाल गोळ्या व्हरांड्याच्या पडद्यांच्या खालच्या दुमडीत एकेक करून शिवून टाकल्या. दाजींच्या पाठीमागच्या खिडकीतून तेच पडदे दिसत होते. बाहेर नोव्हेंबरचा वारा नुसता पिसाळला होता.

पडदा हलत नव्हता. जड गोळी बरी असते, एवढं मी आता मानते.